पाऊस हे निमित्त

डोंगर कोसळून गाव गाडलं गेलं, की आपल्याकडे दोन वाक्यं तयारच असतात. एक सरकारचं : 'नैसर्गिक आपत्ती.' दुसरं आपलं : 'ज्याचं त्याचं कर्म.' पहिल्यानं फाईल बंद होते, दुसऱ्यानं डोकं. मग शंभर-दीडशे चादरी, तांदळाची पोती, टेम्पोला बांधलेला मंडळाचा फलक, आणि दशलक्षण पर्वात त्या दानाची जाहीर घोषणा. पुढच्या आषाढात दुसरा डोंगर, दुसरं गाव, आणि वाक्यं तीच दोन.

माझं भांडण दोन्ही वाक्यांशी आहे. पण दुसऱ्याशी जास्त, कारण ते आपल्या घरातलं आहे, आणि आपल्याच शास्त्राला धरून नाही.

आपण स्वाध्यायाला बसणाऱ्या बायका. निमित्त आणि उपादान हे शब्द आपल्याला कुणी शिकवायला नकोत. मडक्याला माती हे उपादान. कुंभार, चाक, काठी ही निमित्तं. कुंभार कितीही तरबेज असला तरी वाळूचं मडकं घडत नाही, हे आपण पाठशाळेतल्या पोरांना सांगतो. आणि त्याच तोंडानं म्हणतो, 'पावसानं डोंगर पाडला.' अहो, पाऊस तर साऱ्या घाटावर पडत होता. शेजारचा डोंगर उभा आहे, हाच का आला? पाऊस निमित्त. डोंगराची त्या घडीची अवस्था हे उपादान. निमित्ताला शिव्या घालून मोकळं होणं सोपं असतं; उपादानाकडे पाहायचं म्हटलं की आपले हात त्यात कुठे कुठे आहेत ते दिसायला लागतं.

म्हणून आधी डोंगर उभा का राहतो ते पाहू. उतारावरची माती आणि मुरूम कुणी डिंकानं चिकटवलेला नाही. कणावर कण दाबून बसलेला असतो, आणि त्या दाबामुळे एक कण दुसऱ्यावरून घसरत नाही. शिवाय कणांच्या फटींत थोडा ओलावा असतो, तो त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. कोरड्या वाळूचा मुटका होत नाही, ओलसर वाळूचा होतो, आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं की तो विरून वाहतो. बेसनाच्या लाडवाचं वेगळं काय आहे? तूप बेताचं असलं की लाडू वळतो आणि उभा राहतो. तूप जास्त झालं की ताटात बसतो. बेताचा ओलावा डोंगराला धरून ठेवतो. फटी पाण्यानं भरून गेल्या की ती ओढ संपते.

पुढची गोष्टही ओट्यावरचीच आहे. कढत पाण्यानं विसळलेली वाटी ओल्या ओट्यावर उपडी ठेवा. कधी कधी ती कुणी हात न लावता हळूच सरकू लागते. वाटीचं वजन काही कमी झालेलं नसतं. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि वाटीला खालून उचलून धरते. काठ ओट्याला टेकलेला असतो, पण दाबत नाही. आणि दाब गेला की धरून ठेवणारं काही उरत नाही. डोंगरात हवेच्या जागी पाणी असतं. मुरलेला पाऊस खालच्या कठीण खडकापर्यंत जातो, तिथून पुढे वाट नसते, म्हणून तो वर वर साठत जातो. फटींतल्या त्या पाण्याला दाब येतो आणि वरच्या मातीचं थोडं ओझं ते पाणी उचलू लागतं. कण एकमेकांना टेकलेले राहतात, दाबत नाहीत. कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन इंजिनिअरनं हे गणित शंभर वर्षांपूर्वी मांडलं. मातीचं बळ एकूण वजनावर ठरत नाही. त्यातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरतं त्यावर ठरतं. 'माती भिजून जड झाली आणि आली' हे म्हणूनच अर्धं खरं. जड माती खाली ओढते तशी जास्त दाबतेही. खरा घात आतल्या कोंडलेल्या पाण्याचा.

आता आपला सह्याद्री. लाव्ह्याचे थरावर थर, दोन थरांमध्ये काही ठिकाणी गेरूसारखा मऊ तांबडा पट्टा, वर कुजलेल्या खडकाचा मुरूम आणि माती. खाली कोकण-गोव्याच्या अंगाला आणि कारवारकडे जांभा. जांभा म्हणजे चाळणी, आणि त्याच्या पोटाशी बऱ्याच ठिकाणी मऊ चिकण माती. चाळणीतून पाणी सरळ जातं आणि चिकण मातीवर अडतं. निसरडं होतं ते तिथं. उभ्या कड्यावर माती टिकतच नाही, सपाटीवर घसरत नाही. धोका मधल्या तिरक्या उताराला, त्यातही जिथं डोंगराला ओंजळीसारखा खोलगटपणा आहे तिथं, कारण चहूबाजूंचं पाणी त्या ओंजळीत येतं. आणि जिथं पूर्वी एकदा दरड आली आहे तिथं.

तारखा पाहा. माळीण, ३० जुलै २०१४, १५१ माणसं. तळिये, २२ जुलै २०२१, ऐंशीहून जास्त. इरशाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबला. केरळात वायनाडचं मुंडक्कई आणि चूरलमला, ३० जुलै २०२४ ची पहाट, दोनशेच्या वर. सगळे जुलैच्या उत्तरार्धातले दिवस. जून तापलेल्या मातीची तहान भागवण्यात जातो. जुलैच्या मध्यापर्यंत डोंगर पोटभर प्यालेला असतो. मग दोन-तीन दिवसांची एक मोठी झड येते आणि भरल्या घागरीत तांब्या ओतल्यासारखं होतं. 'काल किती पडला' एवढंच विचारून भागत नाही. मागचे पंधरा दिवस किती पडला, हे विचारावं लागतं.

नेल केन या अभ्यासकानं १९८० साली जगभरातल्या ७३ दरडींचा पाऊस एकत्र मांडला आणि एक खालची रेघ काढली. तासाभराचा पाऊस असेल तर सुमारे १५ मिलीमीटर. चोवीस तास सलग असेल तर दिवसाचे शंभरएक मिलीमीटर. त्याच्या खाली दरड क्वचितच. पण शंभर मिलीमीटरचे दिवस एका पावसाळ्यात किती येतात, ते आंबोलीच्या माणसाला विचारा. तो हसेल. तिथं रोज काही डोंगर पडत नाही. याचा अर्थ, प्रत्येक उताराची रेघ वेगळी. जगाची रेघ खानापूरच्या कामाची नाही, आणि खानापूर शहरात मोजलेला पाऊस कणकुंबीच्या कामाचा नाही. त्या त्या डोंगराची रेघ त्याच डोंगराखाली, वर्षानुवर्षं पाऊस मोजूनच सापडते. ती मोजलेली नसताना 'अचानक झालं' म्हणायचा हक्क कुणाला? आपण पाहिलं नव्हतं, एवढाच त्या 'अचानक'चा अर्थ.

उपादान बिघडवण्यात आपला हात कसा असतो, ते शिरूरनं दाखवलं. बेळगावच्या घरांना ते गाव परकं नाही. अंकोल्याजवळ, कारवारच्या वाटेवर. १६ जुलै २०२४ ला राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, रुंदीकरणासाठी पायथा कापलेला डोंगर खाली आला. रस्ता, रस्त्याकडेचं हॉटेल, थांबलेली वाहनं घेऊन तो गंगावळी नदीत गेला. नदीत उसळलेली लाट पलीकडच्या काठावरच्या उळवरे गावात शिरली आणि तिथल्या घरातली एक म्हातारी बाई गेली. ती ना रस्त्यावर होती ना डोंगराखाली. लाकडांनी भरलेला एक ट्रक नदीच्या तळातून काढायला सप्टेंबर अखेर उजाडली. पायथा हा डोंगराचा टेकू. तो काढला की वरचं सगळं कोसळायचं तेवढं राहतं, पाऊस फक्त दिवस ठरवतो. वर जंगल तोडलं तर तेही लगेच कळत नाही. मुळं मातीच्या वरच्या मीटर-दोन मीटरला शिवून धरतात. झाड तोडल्यावर ती जमिनीत काही वर्षांत कुजतात आणि शिवण तेव्हा उसवते. तोडणारा तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

इथं मला थांबवून कुणीतरी म्हणेल, 'बाई, इरशाळवाडीला तर रस्तासुद्धा नव्हता. बचाव पथकं पायी चढून गेली. कुठली खाण, कुठलं रुंदीकरण? आणि मुंडक्कईची दरड जंगलात, साडेपंधराशे मीटर उंचीवर सुटली. तिथं कुणी काय कापलं होतं?'

आक्षेप खरा आहे, तो टाळायचा नाही. डोंगर माणसाशिवायही पडतात. आपल्या साऱ्या दऱ्या अशाच झिजून, कोसळून घडल्या आहेत. पण जंगलात दरड सुटणं आणि तिच्या वाटेत माणसं झोपलेली असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला नैसर्गिक म्हणा. दुसरीला का म्हणता? मुंडक्कईच्या त्याच परिसरात १९८४ मध्ये दरड आली होती. जवळच्या पुतुमल्यात २०१९ मध्ये आली होती. डोंगरानं दोनदा सांगितलं होतं. इरशाळवाडीत तीन दिवसांत जवळपास ५०० मिलीमीटर पाऊस झाला, आणि वाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. यादी काय डोंगरानं केली होती? आणि खाली झोपलेलं होतं कोण? माळीणला महादेव कोळी, इरशाळवाडीला ठाकर, मुंडक्कईला चहाच्या मळ्यांतले मजूर. निसर्ग जर आंधळा असेल तर तो दर वेळी गरिबाचंच घर कसं शोधतो? पावसाचं म्हणाल तर तोही आता पहिला राहिलेला नाही. वायनाडच्या त्या दिवसाचा पाऊस तापलेल्या हवेमुळे सुमारे दहा टक्क्यांनी वाढला होता, असं अभ्यासकांनी सांगितलं आहे. म्हणजे निमित्तसुद्धा पुरतं नैसर्गिक उरलं नाही.

दरडप्रवण भाग कुठला, हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, कुठे काय करू नये ते पट्टे पाडून सांगितलं. घाटातली सगळी राज्यं त्याच्यावर तुटून पडली. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या समितीनं तो सौम्य केला. तोही जड वाटला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं राष्ट्रीय दरड-पूर्वानुमान केंद्र कोलकात्यात सुरू झालं १९ जुलै २०२४ ला. मुंडक्कई त्याच्या अकरा दिवसांनी.

आता आपल्या वाक्याकडे येते. 'ज्याचं त्याचं कर्म.' मरणाऱ्याचं कर्म म्हणणाऱ्या श्राविकेला मी विचारते : पाच समवाय कुठे गेले? काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. कुठलीही घटना यांच्यातल्या एकट्यानं होत नाही, हे आपण शिकलो. जो एकाच कारणाला धरून बसतो तो एकांती, आणि एकांत म्हणजे मिथ्यात्व. मग ठाकराच्या पोराच्या बाबतीत चार समवाय बाजूला ठेवून एकटं कर्म कसं शिल्लक राहतं? आपल्या घराला आग लागली तर आपण कर्म म्हणत बसतो, की बंब बोलावतो आणि विम्याचा कागद शोधतो? स्वतःसाठी पुरुषार्थ आणि दुसऱ्यासाठी कर्म, अशी वाटणी कुठल्याही आचार्यांनी केलेली नाही. ती आपली सोय आहे.

आणि कर्मच मोजायचं असेल तर मोजू. पृथ्वीकायिक जीव आपण मानतो. जलकायिक, वनस्पतिकायिक मानतो. पाणी गाळून पितो, जिवाणी जपून विहिरीत परत सोडतो, कांदा-बटाटा घरात येऊ देत नाही. बटाट्यासाठी जमीन खणली तर अनंत जीवांची हिंसा, आणि 'हिल व्ह्यू' प्लॉटसाठी जेसीबी लावून अख्खी टेकडी खणली तर डेव्हलपमेंट? गरज नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, झाड तोडणं याला आपल्याकडे नाव आहे : प्रमादचर्या. अनर्थदंडाचा एक प्रकार. श्रावकाच्या व्रतांत तो स्पष्ट वर्ज्य आहे. ताटातली हिंसा मोजायला आपल्याकडे बायका आहेत, म्हणून तिचा हिशेब चोख राहतो. साईटवरची हिंसा पुरुषांच्या वहीत जाते आणि तिथून दानाच्या पावतीत. आपण ती पावती कौतुकानं वाचतो.

तीर्थांचंही तेच. आपली कितीतरी क्षेत्रं डोंगरावर आहेत. मुनींनी डोंगर निवडले ते एकांतासाठी, पायी चढण्यासाठी. आता वरपर्यंत गाडी हवी, वर पार्किंग, वर एसीची धर्मशाळा, तिच्या सांडपाण्याचा शोषखड्डा डोंगराच्याच माथ्यावर. म्हणजे पाऊस चार महिने पाजतो आणि आपण बारा महिने. मी कुठल्या क्षेत्राचं नाव घेत नाही. प्रत्येकीनं आपापलं आठवावं. चातुर्मासात मुनी एका जागी थांबतात, कारण या दिवसांत जमीन जिवंत असते, पाय टाकला तरी हिंसा. हजारो वर्षांपासून पाऊस वाचायला शिकलेला आपला समाज. आणि याच चार महिन्यांत आंबोली-चोर्ल्याला गाड्या भरभरून पावसाळी सहल आपणच काढतो, अन् घाटात दरड आली की सरकारच्या नावानं बोटं मोडतो.

वायनाडचंच पाहा ना. तिथं आपले जैन बांधव फार जुने आहेत. कल्पेट्याजवळ पुळियारमलाला अनंतनाथस्वामींचं मंदिर आहे. त्याच कल्पेट्यात ह्यूम सेंटर नावाची एक संस्था आहे. तिनं स्थानिक लोकांना हाताशी धरून जिल्हाभर पाऊस मोजायला सुरुवात केली, आणि मुंडक्कईच्या आदल्या दिवशी, २९ जुलैच्या सकाळीच प्रशासनाला धोक्याची सूचना दिली. सगळी वस्ती काही हलली नाही. पण सांगता येतं, एवढं तरी सिद्ध झालं ना? दरड आकाशवाणीसारखी येत नाही. तिला हिशेब असतो, आणि हिशेब ठेवणं ही आपल्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या.

डोंगर स्वतःही सांगतो, आणि बहुतेक वेळा बाईला आधी सांगतो. झऱ्यावर पाण्याला तीच जाते. स्वच्छ झरा अचानक गढूळ येतो, किंवा नेहमीचा आटून दुसरीकडे नवा फुटतो. दार चौकटीत अडकू लागतं. सारवलेल्या जमिनीला भेग पडते आणि लिंपली तरी पुन्हा उघडते. झाडं, खांब कलतात. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकाएकी ओसरतं, म्हणजे वर कुठेतरी ते तुंबलं आहे. यातलं काही दिसलं तर पंचनाम्याची वाट पाहायची नाही, ओढ्याची वाट सोडून बाजूला, उंच जागी निघायचं. पण ही बातमी ती सांगते कुणाला? घरात सांगितली तर 'तुझं काहीतरीच'. ग्रामसभेत तिला बोलू कोण देतं?

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते मी महिला मंडळाकडे मागते. चादरी वाटा, नाही म्हणत नाही. पण निधीतला निम्मा वाटा पाऊस पडण्याआधी खर्च करा. खानापूर-जांबोटीच्या डोंगराखालच्या वाड्यांत पर्जन्यमापक बसवा. तेवढेही पैसे नसतील तर सरळ उभ्या भिंतीचा स्टीलचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी आठला पट्टीनं मोजा. डब्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलीमीटर पाऊस. वहीत तारीख, आकडा, मागच्या पंधरा दिवसांची बेरीज. शेजारी झऱ्याचं पाणी कसं होतं, ते एका शब्दात. वाडीतली दहावी शिकलेली मुलगी हे करेल. तिला महिन्याचं मानधन द्या आणि तिचा फोन तहसीलदार उचलेल याची जबाबदारी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी घ्यावी. त्यांचा फोन उचलला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरं मागणं घरातलं. नवऱ्यानं, मुलानं, दिरानं डोंगरउतारावर प्लॉट पाडायचा विषय काढला की विचारा : पायथा किती कापणार? वरचं पाणी कुठून जाणार? खाली कोण राहतं? उत्तर आलं नाही तर त्या पैशाचं दान मंदिराला नको म्हणा. ताटात बटाटा आला तर आपण जेवढ्या ठामपणे उठतो, तेवढ्याच ठामपणे.

पुढच्या जुलैत पाऊस येणारच आहे. तो निमित्त आहे, आणि निमित्त कधी चुकत नाही. उपादानाचं काय करायचं, ते मे महिन्यातच ठरवावं लागतं.